खड्याची चतुःसीमा

कोणत्याही स्थावर मिळकतीचे वर्णन तिच्या चतुःसीमेवाचून पूर्ण होत नाही, हे दिग्रसच्या दुय्यम निबंधक कार्यालयासमोर एकतीस वर्षे दस्तलेखन केलेल्या माणसाला कोणी शिकवण्याची गरज नाही. म्हणून प्रस्तुत मिळकतीचे वर्णन प्रथम नोंदवतो. मौजे माझे उदर, उजवा भाग. वरच्या अंगास यकृत, खालच्या अंगास मोठ्या आतड्याचे वळण, डावीकडे जठर, उजवीकडे बरगड्या. या चतुःसीमेच्या आत पित्ताशय नावाची एक थैली आणि त्या थैलीत सतरा मिलिमीटरचा एक खडा, सोबत किरकोळ चार. कब्जा शांततापूर्ण व अखंड. यातील शांतता कृषी केंद्रवाल्या बबनरावांच्या पुतणीच्या साखरपुड्यात, तिसऱ्या भज्यानंतर भंगली आणि मला मांडवातून चौघांनी उचलून नेले. उचलणाऱ्यांपैकी दोघांची खरेदीखते मीच लिहिली होती, त्यामुळे तो प्रसंग मला विशेष झोंबला.

यवतमाळच्या डॉक्टर सलोनी या मूळच्या दिग्रसच्या. त्यांच्या वडिलांच्या घराचे खरेदीखत माझ्या हातचे. त्यात आजवर कोणाला पळवाट सापडलेली नाही. त्यांनी सोनोग्राफीचा कागद पाहिला आणि म्हणाल्या, "काका, पित्ताशय काढावं लागेल. दुर्बिणीतून करू. तिसऱ्या दिवशी घरी."

"कारण?"

"खडे आहेत म्हणून."

"खडे का झाले, हे मी विचारतो आहे."

"त्याची अनेक कारणं असतात, काका."

"अनेक हे उत्तर नव्हे. ती केवळ संख्या आहे, आणि तीही अनिश्चित."

डॉक्टरांनी विमलकडे, म्हणजे माझ्या पत्नीकडे पाहिले. विमलने त्यांच्याकडे पाहिले. स्त्रियांमध्ये अशा नजरेने जे करार होतात, त्यांना मुद्रांक लागत नाही.

त्यानंतरच्या रविवारी वृत्तपत्राच्या पुरवणीत मला तो लेख सापडला. आहारातील सूक्ष्म खनिजे आणि पित्ताशयातील खडे यांचा संबंध काही अभ्यासांतून दिसून आला आहे. ज्यांच्या जेवणात जस्त, तांबे, लोह, सेलेनियम यांसारखी द्रव्ये अधिक, त्यांच्यात खडे कमी आढळले, असे लेखकाने लिहिले होते. शेवटच्या परिच्छेदात 'हा केवळ संबंध आहे, कारण नव्हे. आणि झालेले खडे यामुळे जातात असे समजू नये' अशी एक ओळ होती. ती मी वाचली. परंतु दस्ताच्या शेवटी सह्या असतात, आशय असत नाही, हा माझा अनुभव असल्यामुळे मी तिला फार महत्त्व दिले नाही.

दूरध्वनीवर डॉक्टर म्हणाल्या, "ते होऊ नये म्हणून असतं, काका. तुम्हाला झालेलं आहे."

"झालेले विरघळणार नाही, असे कोणी सिद्ध केले आहे काय?"

"काका, तारीख कोणती देऊ?" एवढेच त्यांनी विचारले. नव्या पिढीला वादाची गोडी राहिलेली नाही.

यानंतर मी जे केले ते तर्कदृष्ट्या निर्दोष आणि गृहस्थ म्हणून अविचारी होते. दुपारच्या जेवणात मी विमलला सांगितले की, खडे खनिजांच्या अभावी होतात. खनिजे आहारातून येतात. आणि आहार, हे सर्वमान्य आहे की, स्वयंपाकघरातून येतो.

विमलचा हात वरणाच्या पातेल्यावर थांबला. "म्हणजे खडा मी घातला?"

"मी असे म्हटलेले नाही."

"मंग काय म्हटलं?"

"मी केवळ प्रवास सांगितला."

"चौतीस वर्षं लोखंडाच्या कढईत भाजी करून राह्यली. पाणी तांब्याच्या गुंडातलं देते. अजून काय करू? गुंड घासून त्याचा कीस पानात वाढू?"

आमच्या घराची भिंत आणि खेमसिंगच्या घराची भिंत यांच्यामध्ये एवढेच अंतर आहे की, वाद एका घरात सुरू झाला तर त्याचा निकाल दुसऱ्या घरात लागतो. खेमसिंगचे शेत महागावच्या बाजूला, तांड्याला लागून. मुलांच्या शाळेसाठी त्याने येथे घर बांधले. त्याची बायको जमनाबाई भिंतीवरून म्हणाली, "मास्तरीणबाई, कुळीथ उकळून पाजा. माह्या भावाचा खडा तसाच पडला."

मी कधीही मास्तर नव्हतो. परंतु जो मनुष्य लिहितो तो मास्तर, ही जमनाबाईची व्याख्या मी पंधरा वर्षांत बदलू शकलेलो नाही. "तो मूत्रपिंडाचा खडा असेल," मी म्हणालो. "हा पित्ताशयाचा आहे."

"खडा तो खडाच ना, काका," खेमसिंग म्हणाला. "रस्ता वेगळा असंन."

संध्याकाळी मी उजव्या कुशीवर हात दाबून ओट्यावर बसलो असता विमल समोर उभी राहिली. "तपासून आणा माझं जेवण," ती म्हणाली. "कमी निघालं तर तुम्ही सांगाल ते शिजवीन, ऑपरेशनाचं नाव काढणार नाही. पुरतं निघालं तर मुकाट्यानं यवतमाळला चला. आहे कबूल?"

हे आव्हान मी तोंडी स्वीकारणे शक्यच नव्हते. रात्री जेवणापूर्वी करारनामा तयार झाला. लिहून घेणार सौ. विमल, लिहून देणार मी. नमुना लिहून देणाराच्या प्रत्यक्ष आहाराचा असावा. परीक्षण सक्षम शासकीय प्रयोगशाळेत व्हावे. जस्त, तांबे, लोह व मँगनीज यांपैकी एकही द्रव्य कमी आढळल्यास सहा महिन्यांपर्यंत लिहून देणाराच्या उदरास कोणत्याही हत्याराचा स्पर्श होऊ नये. सर्व द्रव्ये पुरेशी आढळल्यास लिहून देणाराने प्रथम मिळेल त्या तारखेस, कसलीही कुरकूर न करता, शस्त्रक्रिया करून घ्यावी. अशी सात कलमे. साक्षीदार म्हणून खेमसिंग आणि बबनराव यांच्या सह्या घेतल्या. विमलने वाचून पाहिले, लेखणी मागितली आणि खाली स्वतःच्या हाताने आठवे कलम घातले : 'अहवाल आला की वाद बंद.'

ते वाक्य मला अत्यंत अपुरे वाटले. कोणता अहवाल, कोणत्या नमुन्याचा, कोणत्या कार्यालयाचा, वाद म्हणजे कशाकशाचा समावेश, काहीच उल्लेख नाही. परंतु नवशिक्याच्या मसुद्याला पहिल्याच दिवशी नावे ठेवू नयेत, म्हणून मी सौजन्याने ते राहू दिले.

आता सक्षम प्रयोगशाळा. प्रथम मी अन्नपदार्थ तपासणाऱ्या एका कार्यालयात गेलो. तेथील गृहस्थांनी विचारले, "तक्रार कोणाविरुद्ध आहे?"

"तक्रार नाही. जिज्ञासा आहे."

"बनवणारा कोण?"

"पत्नी."

"परवाना आहे?"

"विवाह नोंदणीचा आहे."

त्यांनी चष्मा काढून मला निरखले आणि सांगितले की, भेसळीचा संशय असल्याखेरीज नमुना घेता येत नाही. संशय असल्यास तसे लिहून द्या, आम्ही येऊन जप्ती करू. माझ्या डोळ्यांसमोर जप्तीचा पंचनामा आला, त्यात 'एक लोखंडी कढई, वापरती' अशी नोंद आली, आणि त्या नोंदीपलीकडे उभी असलेली विमल आली. मी नमस्कार करून बाहेर पडलो.

बबनरावांचे कृषी केंद्र बसस्थानकाजवळ आहे. मी तेथे टेकलो आणि सहज विचारले, "तुमच्याकडे जस्त मिळते काय?"

"झिंक ना? कितीक पाहिजे? दहा किलोची बॅग आहे. जमिनीत द्याचं का फवाराचं?"

"खायचे आहे."

बबनराव उठून दुकानाच्या बाहेर आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "काका, वहिनीसंग भांडण झालं का? असं नका करू. घरी चला, मी सोडतो."

त्यांचा गैरसमज दूर करण्यास अर्धा तास लागला, आणि तोवर दुकानात जमलेल्या सहा शेतकऱ्यांना माझ्या पित्ताशयाची चतुःसीमा पाठ झाली होती. परंतु त्यातूनच मार्ग निघाला. कपाशीचे पान पिवळे पडले की येथे प्रत्येक जण मातीचा नमुना काढतो आणि माती परीक्षण प्रयोगशाळा त्याला जस्त, लोह, मँगनीज, तांबे यांचे प्रमाण छापून देते. "कंपोस्टाचाही नमुना घेतात," बबनराव म्हणाले. "वाळलेला, कुटलेला पाहिजे, बस. मंग जेवण वाळवलं तर काय हरकत आहे? शेवटी मातीतूनच येते अन् मातीतच जाते." सेलेनियम तेथे तपासत नाहीत, एवढे एक न्यून सोडले तर हा युक्तिवाद मला बिनतोड वाटला.

नमुना घेण्याची रीत खेमसिंगने शिकवली. शेताच्या एकाच कोपऱ्यातली माती चालत नाही. सगळ्या शेतातून थोडी थोडी घ्यावी, सावलीत वाळवावी, एकजीव करून गोल ढीग करावा, ढिगाचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकावेत, उरलेले पुन्हा मिसळावेत, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करावे. त्याप्रमाणे एका दिवसाचे जेवण म्हणजे शेताचा एक कोपरा ठरला आणि सात दिवस आमच्याकडे दोन ताटे वाढली जाऊ लागली. एक माझे आणि एक सरकारचे.

सरकारच्या ताटाने आमच्या घरातील सलोखा फार ताणला. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आले की, माझ्या ताटात बेसनाच्या तीन पातोड्या असता सरकारच्या ताटात पाच आहेत, त्यावर तीळही अधिक आहेत, आणि अंबाडीच्या भाजीचा ढीग तर दुप्पट आहे.

"हा पुराव्यात फेरफार आहे," मी म्हणालो.

"पाहुण्याले कमी वाढू काय?" विमल म्हणाली.

त्या दिवसापासून मी दोन्ही ताटे तराजूत घालू लागलो. वरण निवते, भाकर वातड होते, परंतु न्याय होतो. जेवण झाल्यावर सरकारचे ताट गच्चीवर, पत्र्याच्या सावलीत, जुन्या धोतरावर पसरले जाई. जमनाबाई रोज भिंतीवरून ते पाही आणि आपल्या बोलीत नवऱ्याला काही सांगून हसे. मी अर्थ विचारला असता खेमसिंग म्हणाला, "काही नाही काका. म्हणते, मास्तरचं श्राद्ध जितेपणीच चालू आहे."

मधल्या काळात मला दोनदा कळ आली. एकदा मी ती कोणास कळू दिली नाही. दुसऱ्यांदा विमलने गरम पाण्याची पिशवी आणून माझ्या हातात दिली आणि गच्चीवर जाऊन सरकारचे ताट हलवून आली, जणू ते लवकर वाळले तर माझी कळ लवकर थांबणार होती.

दहाव्या दिवशी दुपारी मी बबनरावांच्या दुकानात सेलेनियमविषयी दोन शब्द सांगून परतलो, तो नमुना तयार होता. वाळवण उचलले होते, कुटले होते, चार-चार भाग करून झाले होते, आणि काळसर भुकटीची अर्धा किलोची कापडी पिशवी तोंड शिवून पाटावर ठेवलेली होती. चिठ्ठीसुद्धा बांधली होती. विमल आणि खेमसिंग दोघेही घामाघूम झाले होते. या प्रकरणात प्रथमच तिने एवढी तत्परता दाखवली, याबद्दल मी तिचे अभिनंदन केले. ती म्हणाली, "उद्याच्याच बसनं न्या."

दुसऱ्या दिवशी बसने मी यवतमाळला गेलो. प्रयोगशाळेच्या खिडकीत देवीलाल नावाचे तरुण सहायक होते. त्यांनी अर्ज पुढे ओढला.

"गट नंबर?"

"लागू नाही."

"लागू नाही चालत नाही, काका. कम्प्युटर पुढं जात नाही."

एकतीस वर्षांत मी खोटा गट क्रमांक लिहिला नव्हता. शेवटी माझ्या राहत्या घराचा भूमापन क्रमांक दिला. नमुना तेथूनच निघाला होता, ही गोष्ट खरी होती.

"पुढचं पीक कोणतं घ्याचं आहे?"

"मला पुढे जगायचे आहे, एवढेच."

त्यांनी 'कपाशी' असे लिहिले आणि पिशवीचे तोंड उसवून चिमूटभर भुकटी तळहातावर घेतली. "चांगलं कंपोस्ट आहे."

"ते कंपोस्ट नव्हे," मी म्हणालो. "ते माझे जेवण आहे."

देवीलाल यांनी भुकटीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा भुकटीकडे पाहिले. "हे? हे तुम्ही खाता?"

"चौतीस वर्षे."

"काका, याले शेणाचा वास येऊन राह्यला."

"अंबाडी आणि हिंग यांचा संयोग आपण ओळखत नाही, असे दिसते."

"अन् हे पाच-सहा महिने कुजलेलं आहे."

"दहा दिवस. सावलीत." माझा आवाज किंचित चढला असावा, कारण मागच्या रांगेतले दोन शेतकरी पुढे सरकून भुकटीचा वास घेऊ लागले. एकाने माझ्याकडे अत्यंत करुणेने पाहून विचारले, "घरी कोणी आहे का करणारं, बाप्पा?" मी स्वतः वास घेऊन पाहिला नाही. ज्या स्त्रीने चौतीस वर्षे आपल्याला वाढले, तिच्या अन्नाचा परक्यांसमोर वास घेणे मला सभ्यपणाचे वाटले नाही. मिळकत माझी, दस्त माझा, पोट माझे; त्यात इतरांनी नाक घालण्याचे कारण नव्हते. देवीलाल यांनी नमुन्याच्या प्रकारात 'सेंद्रिय खत' लिहिले, त्याखाली 'अर्जदाराच्या म्हणण्याप्रमाणे जेवण' असे लिहिण्याची माझी मागणी त्यांनी रकाना नसल्यामुळे फेटाळली, आणि मी पावती घेऊन परतलो.

अहवाल बाराव्या दिवशी आला. मी तो ओट्यावर उभ्याने वाचला. जस्त पुरेसे. तांबे पुरेसे. लोह भरपूर. मँगनीज भरपूर. रंग काळसर, दर्जा उत्तम, चांगले कुजलेले. शिफारस : हे खत एकरी दोन टन द्यावे, वेगळे झिंक सल्फेट देण्याची आवश्यकता नाही.

मी हरलो होतो. परंतु त्या क्षणी मला पराभवापेक्षा विमलच्या अपमानाचे अधिक वाईट वाटले. शासनाने तिच्या हयातभरच्या स्वयंपाकाची गणना उत्तम खतात केली होती. मी शक्य तेवढ्या सौम्य शब्दांत तिला ते वाचून दाखवले. तिने पदर तोंडाला लावला आणि ती आत गेली. तिचे खांदे हलत होते. मी दारात उभा राहून म्हणालो, "मनाला लावून घेऊ नकोस. सरकारी वर्गीकरण नेहमी स्थूल असते. खनिजे पुरेशी आहेत, हे त्यांनीही मान्य केले आहे." त्यावर तिचे खांदे अधिकच हलू लागले, म्हणून मी तिला एकटे सोडले.

कलम सहाप्रमाणे मी कुरकूर न करता यवतमाळला गेलो. शस्त्रक्रियेपूर्वी गुंगीचे औषध देणाऱ्या डॉक्टरांशी संमतिपत्राच्या मसुद्यावर थोडी चर्चा झाली. तिला कुरकूर म्हणता येणार नाही. मात्र मला आत नेताना विमलने माझा हात धरला तेव्हा मी तो घट्ट धरून ठेवला. मी भ्यालो होतो, आणि मला असे वाटते की, हे तिला पुरवणीतल्या लेखाच्या पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

शुद्धीवर आल्यानंतर डॉक्टर सलोनींनी काचेच्या बाटलीत तो सतरा मिलिमीटरचा खडा आणि त्याचे चार भाऊबंद दाखवले. "वेळेवर आलात, काका," त्या म्हणाल्या. "पिशवी सुजली होती. एक छोटा खडा अगदी तोंडाशी अडकत होता. अजून थोडे दिवस वाद घालत बसला असता तर पू झाला असता, कदाचित कावीळही. मग हे एवढं सोपं नसतं राह्यलं."

घरी आल्याच्या चौथ्या दिवशी खेमसिंग तुरीच्या शेंगा घेऊन आला. त्याने थोडा वेळ खडा उजेडात धरून पाहिला, तो हवापाण्याचे बोलला आणि मग म्हणाला, "काका, तो रिपोर्ट मले देता का? कृषी सहायक मागून राह्यला."

"माझ्या जेवणाचा अहवाल त्याला कशासाठी?"

"जेवणाचा कुठचा? माह्या खताचा आहे ना तो," खेमसिंग म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याला आपण काय म्हणालो ते ऐकू आले. तो उठू लागला. मी त्याला बसवले. पोटाला चार भोके पडलेला मनुष्यसुद्धा प्रसंगी करडा आवाज काढू शकतो.

"त्या दिवशी तुम्ही दुकानात गेलते," तो जमिनीकडे पाहून म्हणाला. "गच्चीवर वांदरं आलते. मोठी टोळी. सात दिवसाचं जेवण पाच मिनिटात साफ. मी अन् वहिनी काठी घेऊन पळालो, तोवर धोतर चाटून राह्यलते. पातोड्या त्यायले लय आवडल्या, काका. दोघं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहून गेले."

"आणि खत?"

"माह्या उकिरड्यातलं. मागच्या साली तपासलतं, सगळं पास होतं. मले पक्कं माहीत होतं."

विमल लापशीची वाटी घेऊन दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिले. तिने नजर चुकवली नाही.

"पुन्हा सात दिवस ताटं लावले असते," ती म्हणाली, "पुन्हा वाळवलं असतं, पुन्हा तुम्ही तराजू घेऊन बसले असते. अन् कुशीवर हात दाबून म्हणले असते, काही नाही, काही नाही. मले नाही पाहवलं."

मी कपाटातून करारनामा मागवला. फसवणुकीने झालेली पूर्तता ही पूर्तताच नव्हे. कलम एकप्रमाणे नमुना माझ्या प्रत्यक्ष आहाराचा हवा होता. तेव्हा करार रद्दबातल ठरून उभय पक्षांना पूर्वस्थितीत आणणे प्राप्त होते. पूर्वस्थिती म्हणजे पित्ताशय. ते परत मिळण्याची तरतूद मी सात कलमांत शोधली. नव्हती. मसुदा माझाच होता.

मग मी आठव्या कलमापाशी आलो. अहवाल आला की वाद बंद. कोणता अहवाल, हे त्यात नाही. कोणत्या नमुन्याचा, हे त्यात नाही. माणसाचा की उकिरड्याचा, हेही नाही. मी ते तीनदा वाचले. माझ्या सातही कलमांत प्रत्येकी दोन-दोन पळवाटा मला आता स्पष्ट दिसत होत्या. त्या पाच शब्दांत एकही सापडली नाही.

मी अहवालाची मूळ प्रत खेमसिंगला दिली आणि नक्कल करारनाम्यास जोडण्यास सांगितले. लापशी निवत होती. मी ती खाल्ली.